जुन्या जपानी सिनेमात बाईच्या हातात सिगरेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने जपानी सिनेमे चार लोकांत बसून पाहायचे ठरले की मी तलवारी, किमोनो, चहा यांबद्दलच्या प्रश्नांची तयारी करून जातो. आणि पहिला प्रश्न हमखास सिगरेटचा येतो. "१९३३ सालची बाई इतकी बिनधास्त सिगरेट ओढत होती?" मग एकातून दुसरा प्रश्न निघत जातो. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नावं जपानी रीतीने लिहिली आहेत, म्हणजे आडनाव आधी.

"जुना" म्हणजे नेमका कोणता काळ?

जपानमध्ये सिनेमाचे खेळ १८९७ पासून सुरू झाले. इथे मुख्यतः बोलायचंय ते १९२० ते १९४० या वीस वर्षांबद्दल. त्याआधीच्या सिनेमांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत. १९२३ चा भूकंप, नंतर युद्धातले बॉम्बहल्ले, आणि पटकन पेट घेणारी नायट्रेटची फिल्म, या तिघांनी मिळून बहुतेक मूकपट संपवले. त्यामुळे "पडद्यावर सिगरेट ओढणारी पहिली जपानी बाई कोण?" या प्रश्नामागे लागण्यात अर्थ नाही.

बायकांनी तंबाखू ओढणं हे पाश्चात्त्यांचं अनुकरण होतं का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

तंबाखू जपानमध्ये आली सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पोर्तुगिजांबरोबर. जपानी माणूस तिला "ताबाको" म्हणतो आणि आपण "तंबाखू". दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच पोर्तुगीज शब्द आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सत्ताधाऱ्यांनी तंबाखूवर बंदीची फर्मानं काढून पाहिली, पण ती टिकली नाहीत. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत तंबाखू घराघरांत पोहोचली आणि ओढणाऱ्यांत बायका सर्रास होत्या. उतामारोची लाकडी ठशांची चित्रं पाहिलीत तर लांब नळी बोटांत धरून बसलेल्या स्त्रिया पुन्हा पुन्हा दिसतात. पाहुणा आला की चहाबरोबर तंबाखूचं तबक पुढे करणं हा साधा शिष्टाचार होता.

म्हणजे सिनेमा जन्माला आला तेव्हा जपानी बाईचं धूम्रपान ही नवलाची गोष्ट नव्हतीच. नवी होती ती सिगरेट. आपल्याकडे आजीची मिश्री आणि तपकीर खपून जायची, त्याच घरात नातीने सिगरेट पेटवली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करा. जपानी सिनेमातला ताण बराचसा या जातीचा आहे.

ती लांब नळी म्हणजे काय? चिलीम का?

तिचं नाव किसेरू. चिलीम म्हटलं तर चालेल, पण घडण वेगळी. टोकाला धातूची इवलीशी वाटी, तोंडाशी धातूचीच चोच, आणि मध्ये बांबूची सडसडीत नळी. तंबाखू केसासारखी बारीक चिरलेली असते. तिची छोटी गोळी बोटांनी वळून वाटीत बसवायची, निखाऱ्यावर धरायची, दोन-तीन झुरके घ्यायचे की संपली. मग वाटी बांबूच्या नळकांड्यावर आपटून राख झाडायची आणि पुन्हा भरायची.

ही "भरा, ओढा, आपटा" क्रिया नटाला फार सोयीची. संवादाच्या मध्येच राख झाडली की वाक्य तुटतं. जोरात आपटली तर राग, हळूच टेकवली तर विचार. काबुकी रंगभूमीने हे सगळं घोटून ठेवलं होतं, सिनेमाला आयतं मिळालं. जुन्या काळावरच्या चित्रपटांत चहाघराची मालकीण, गणिका, वयस्क गेइशा यांच्या हातात किसेरू दिसला तर त्यात बंडखोरी शोधू नका. तो त्यांच्या संसाराचा भाग आहे.

जाता जाता एक गंमत. जपानी बोलीत "किसेरू" म्हणजे रेल्वेत फुकट प्रवास करण्याची एक युक्तीही. चढताना एक छोटं तिकीट, उतरताना दुसरं छोटं, मधला सगळा प्रवास बिनपैशाचा. कारण किसेरूला धातू फक्त दोन टोकांनाच असतो! मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बाई पुरुषाला पेटवलेली नळी देते, त्याला काही अर्थ असतो का?

मोठा अर्थ असतो. योशिवारा या एदोच्या (म्हणजे जुन्या टोकियोच्या) परवानाधारक वेश्यावस्तीत गणिका स्वतः एक झुरका घेऊन पेटती नळी लाकडी जाळीतून आवडत्या पुरुषाकडे सरकवायची. ते उघड आमंत्रण असे. काबुकीतल्या "सुकेरोकु" या गाजलेल्या नाटकात नायकाला गणिकांकडून इतक्या नळ्या मिळतात की किसेरूंचा पाऊस पडतोय असं म्हटलं जातं. त्याचा धनाढ्य प्रतिस्पर्धी एका नळीलाही महाग. शेवटी सुकेरोकु त्याला एक नळी देतो, तीही पायाच्या बोटांत धरून.

पुढे पडद्यावर सिगरेट आली, तरी बाईच्या ओठांना लागलेली वस्तू पुरुषाच्या ओठांपर्यंत जाण्याचा हा जुना संदर्भ प्रेक्षकाच्या डोक्यात शाबूत होता.

सुरुवातीला स्त्रीभूमिका पुरुषच करत असत ना?

हो, १९२० च्या आसपासपर्यंत. काबुकीतल्या ओन्नागाता परंपरेतले नट सिनेमात आले आणि त्यांनीच नायिका रंगवल्या. दिग्दर्शक म्हणून नावाजलेला किनुगासा तेइनोसुके आधी असाच स्त्रीपार्टी नट होता. फाळक्यांच्या तारामतीचं काम साळुंके करत होते आणि बालगंधर्व रंगभूमी गाजवत होते, तोच हा काळ. त्यामुळे मराठी वाचकाला यात चमत्कारिक वाटायचं कारण नाही.

१९२० मध्ये शोचिकु कंपनी सिनेमात उतरली आणि टोकियोजवळच्या कामाता स्टुडिओत तिने खऱ्या नट्या उभ्या केल्या. कुरिशिमा सुमिको १९२१ पासून लोकांच्या गळ्यातला ताईत झाली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग सिगरेटवरून एवढा गहजब का?

कारण सिगरेट एकटी आली नाही. आखूड कापलेले केस, गुडघ्यापर्यंतचा झगा, उंच टाचा, जॅझ आणि टोकियोतल्या गिंझा भागातल्या रस्त्यांवरची भटकंती हे सगळं घेऊन आली. या तरुणीला वर्तमानपत्रांनी नाव दिलं "मोगा", म्हणजे "मॉडर्न गर्ल"चं जपानी लघुरूप. तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांची संख्या प्रत्यक्ष मोगांपेक्षा जास्त असावी, अशी मला दाट शंका आहे.

दुसरी बाजू कॅफेची. १९११ पासून गिंझात कॅफे निघू लागले आणि भूकंपानंतर त्यांचं पेवच फुटलं. तिथल्या वाढपी मुलींचं पोट मुख्यतः बक्षिसीवर चालायचं. गिऱ्हाइकाजवळ बसायचं, त्याचा पेला भरायचा, त्याची सिगरेट पेटवायची, त्याच्याबरोबर आपणही एखादी ओढायची. ही नोकरी होती. सिनेमावाल्यांना या मुलींमध्ये नायिका सापडली: कमावती, एकटी, आणि प्रतिष्ठितांच्या नजरेतून उतरलेली.

किसेरूसाठी बसावं लागतं. तबक लागतं, निखारा लागतो, म्हणजे पर्यायाने घर लागतं. सिगरेट उभ्याने, चालताना, रस्त्यात, परक्या माणसाच्या काडीवर पेटते. माझ्या मते सगळा झगडा इथेच आहे. बाई धूर सोडते म्हणून कुणाच्या पोटात दुखत नव्हतं. ती तो घराबाहेर सोडते, ही अडचण होती.

सिगरेट ओढणारी म्हणजे बदचालीची, असं सरळ समीकरण होतं का?

दुय्यम दर्जाच्या सिनेमांत होतं. चांगल्या दिग्दर्शकांनी ते वापरलं आणि मोडलंही. दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला नारुसे मिकिओचा १९३३ चा मूकपट "योगोतो नो युमे", म्हणजे "रोज रात्रीची स्वप्नं". कुरिशिमा सुमिको यात ओमित्सु आहे. बंदराजवळच्या बारमध्ये काम करून एकटीने लहान मुलगा वाढवणारी बाई. खलाशांशी बेधडक बोलते, सिगरेट ओढते, हसते आणि घरी आली की चेहऱ्यावरचं ते हसू उतरवून ठेवते. देशाची लाडकी, सोज्वळ नायिका अशा रूपात पाहताना तेव्हाच्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल! मग सोडून गेलेला नवरा परत येतो. साइतो तात्सुओने तो असा रंगवलाय की दया यावी आणि चीडही. त्याला काम मिळत नाही, मुलाला मोटारीचा धक्का लागतो, पैशासाठी तो चोरी करतो आणि अखेर जीव देतो. त्याची चिठ्ठी वाचून ओमित्सु त्याला भेकड म्हणते. सिगरेट ओढणारी "वाया गेलेली" बाई घर चालवते आणि सिगरेटशी ज्याचं कुणालाच वावडं नाही तो पुरुष कोसळतो. नारुसे याबद्दल एक अक्षर व्याख्यान देत नाही.

दुसरा ओझू यासुजिरोचा १९३७ चा बोलपट "शुकुजो वा नानी ओ वासुरेता का", म्हणजे "बाईसाहेब काय विसरल्या?" टोकियोतलं सुखवस्तू डॉक्टर-प्राध्यापकाचं घर. तिथे ओसाकाहून भाची येते, सेत्सुको. ती सिगरेट ओढते, दारू पिते आणि मामाला गेइशांच्या बैठकीला घेऊन चल म्हणते. मामीच्या कपाळावर कायमची आठी. या मामीचं काम कोण करतंय? तीच कुरिशिमा सुमिको! आणि मामा? तोच साइतो तात्सुओ. चार वर्षांपूर्वी बारमध्ये सिगरेट ओढणारी ओमित्सु आता भाचीच्या सिगरेटवर नाक मुरडते. हे मुद्दाम केलं की योगायोगाने झालं, याने मला फरक पडत नाही. पाहताना हसू आवरत नाही.

सेत्सुको झालेली कुवानो मिचिको खऱ्या आयुष्यात मोरिनागा या मिठाई कंपनीची जाहिरातकन्या आणि नंतर टोकियोतल्या "फ्लोरिडा" नृत्यगृहात नर्तिका होती. त्यामुळे तिच्या हातातली सिगरेट अभिनयासाठी दिलेली वस्तू वाटत नाही. आणि ओझूने तिला बिघडलेली ठरवलेलं नाही. त्या घरात स्पष्ट बोलणारी तीच एकटी आहे. शिक्षा तिला होत नाही, उलट थप्पड बसते मामीला. आजच्या नजरेला ती थप्पड सिगरेटपेक्षा कितीतरी जास्त खुपते, आणि खुपायलाच हवी.

दिग्दर्शक मिझोगुचीच्या नायिकांचं काय?

त्याचा १९३६ चा "नानिवा एरेजी" पाहा. यामादा इसुझुची आयाको औषध कंपनीत टेलिफोन जोडून देणारी मुलगी आहे. वडिलांचं देणं फेडायला ती मालकाची रखेल होते. तिची घसरण, किंवा सुटका, मिझोगुची पोशाखातून सांगतो. शेवटी पाश्चात्त्य वेशात, डोक्यावर हॅट घालून ती रात्री पुलावर उभी असते आणि थेट कॅमेऱ्याकडे चालत येते. सिगरेट हे एका मोठ्या चिन्हकुटुंबातलं एक अपत्य आहे. हॅट, आखूड केस, उंच टाचा ही तिची सख्खी भावंडं.

चुंबन दाखवता येत नव्हतं म्हणून सिगरेट वापरत होते का?

काही अंशी. १९२५ पासून देशभरातल्या चित्रपटांची तपासणी गृहमंत्रालयाकडे गेली आणि परदेशी चित्रपटांतली चुंबनं कात्रीखाली जाऊ लागली. जपानी पडद्यावर चुंबन आलं ते १९४६ मध्ये, अमेरिकी ताब्याच्या काळात. दोन माणसांमध्ये काय चाललंय हे सांगायला मग उरतं काय? एकाच काडीवर पेटलेल्या दोन सिगरेटी, पुढे केलेली काडेपेटी, नाकारलेली काडी. दिग्दर्शकांनी दरवेळी कात्रीचा विचार करूनच हे केलं असं मात्र मी म्हणणार नाही. मूकपटात हातांना काहीतरी काम लागतंच.

मूकपटात अशा बाईबद्दल प्रेक्षकाला कोण सांगायचं?

बेन्शी. पडद्याशेजारी उभा राहून सगळ्या पात्रांचे आवाज काढणारा, गोष्ट रंगवून सांगणारा निवेदक. तोच झुरका तो निर्लज्जपणाचा करू शकत होता किंवा दुःखाचा. आज आपण हे चित्रपट बेन्शीशिवाय पाहतो, म्हणजे अर्धाच खेळ पाहतो.

स्त्रियांनी सिगरेट ओढायला कायद्याने मनाई होती का?

नाही. १९०० च्या कायद्याने मनाई होती ती वीस वर्षांखालच्यांना, मुलगा असो वा मुलगी.

मग युद्धाआधी बंदी आली म्हणतात ती कोणती?

ती बंदी ओढण्यावर नव्हती, दाखवण्यावर होती.

१९३९ मध्ये चित्रपट कायदा आला. आता तयार चित्रपट कापण्याऐवजी पटकथाच आधी तपासली जाऊ लागली. मनासारखी होईपर्यंत ती परत परत लिहून आणायची. मग १९४० मध्ये गृहमंत्रालयाने काय नको याची यादीच दिली. एकेकट्याच्या सुखाच्या गोष्टी नकोत. श्रीमंतांची चैन नको. कॅफेतलं मद्यपान नको. परदेशी शब्द नकोत. छचोरपणा नको. आणि त्याच यादीत: सिगरेट ओढणाऱ्या स्त्रिया नकोत. पुरुषांबद्दल त्या कलमात चकार शब्द नाही.

वर्ष ध्यानात घ्या. चीनमध्ये युद्ध चालू होतं. "चैन हा शत्रू आहे" अशा पाट्या टोकियोत लागल्या होत्या. कुरळ्या केसांच्या बायकांना रस्त्यात हटकलं जात होतं. ऑक्टोबर १९४० च्या अखेरीस नृत्यगृहं बंद झाली. ओझूची एक पटकथा याच सुमारास तपासनिसांनी अडवली. तो चित्रपट व्हायला १९५२ उजाडलं. तीन वर्षांपूर्वी हसवणारी सेत्सुको आता कागदावरही उतरली नसती.

पण खरी मेख पुढे आहे. १९०४ पासून जपानमध्ये सिगरेट बनवणारं आणि विकणारं सरकारच होतं. रशियाशी युद्ध करायला पैसा हवा म्हणून हा मक्ता घेतलेला. म्हणजे एक खातं सिगरेट विकून तिजोरी भरत होतं आणि दुसरं खातं तीच सिगरेट बाईच्या हातात दिसू नये म्हणून पटकथा खोडत होतं. परदेशी शब्दांवरचा रोष सरकारी पाकिटांवरही निघाला. १९०६ पासून विकली जाणारी स्वस्त आणि लोकप्रिय "गोल्डन बॅट" १९४० मध्ये "किन्शी" झाली, म्हणजे पुराणकथेतली सोनेरी घार. "चेरी"ची "साकुरा" झाली. वटवाघूळ जाऊन घार आली, आतली तंबाखू सरकारचीच.

ही बंदी आरोग्यासाठी होती का, आपल्याकडे पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येते तशी?

अजिबात नाही. फुप्फुसांची काळजी असती तर कलम फक्त बायकांपुरतं नसतं.

युद्धानंतर काय झालं?

दार उघडलं आणि धूर परत आला, पण वेगळ्या वासाचा. तंबाखूची इतकी टंचाई होती की लोक रस्त्यावरची थोटकं वेचायचे. ओझूच्या १९४७ च्या "नागाया शिन्शिरोकु"मध्ये हरवलेला पोरगा बापासाठी खिळे आणि थोटकं गोळा करून खिशात ठेवतो, ते दृश्य पोटात तुटतं. अमेरिकी सिगरेट काळ्या बाजारातलं नाणंच झाली आणि सैनिकांबरोबर फिरणाऱ्या "पानपान" मुलींच्या प्रतिमेला ती कायमची चिकटली. मिझोगुचीच्या १९४८ च्या "योरु नो ओन्नाताची"मध्ये तानाका किनुयो अशाच रस्त्यावरच्या आयुष्याकडे ढकलली जाते. मोगाच्या सिगरेटमध्ये थोडी मजा होती. या सिगरेटमध्ये भूक आहे.

एकच दृश्य पाहायचं असेल तर?

ते माझ्या काळाच्या चौकटीबाहेरचं आहे, पण सांगतोच. ओझूच्या १९५९ च्या "उकिगुसा"चा शेवट. फिरत्या नाटकमंडळीचा म्हातारा मालक रात्री स्टेशनवर एकटा. तोंडात सिगरेट, खिशात काडेपेटी नाही. जिच्याशी त्याचं कडाक्याचं भांडण झालंय ती मंडळीतली नटी सुमिको (हे पात्राचं नाव, आपली कुरिशिमा नव्हे) उठून येते, काडी ओढून पुढे धरते. तो मान फिरवतो. ती पुन्हा काडी ओढते. योशिवाराच्या जाळीतून सरकवलेली नळी मला तिथे आठवते.

सुरुवात कुठून करू?

नारुसेचा १९३३ चा आणि ओझूचा १९३७ चा, याच क्रमाने, एका संध्याकाळी. दोन्ही मिळून अडीच तासही लागत नाहीत. मध्ये चहा घ्या, आणि दुसरा सुरू झाल्यावर मामी पहिल्यांदा पडद्यावर आली की शेजारच्याला विचारा, हिला आत्ताच कुठे पाहिलं?